मालनबाई आणि शेवटचा फर्मा

मालन घाडीगावकर कशा होत्या, असं कुणी तुळशीदासांना विचारलं असतं, तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला असता. उत्तर टाळायची ही त्यांची जुनी पद्धत. ज्या बाईसमोर एकाच टेबलाशी इतकी वर्षं बसलो, तिच्याबद्दल आपल्याला सांगता येईल असं काहीच नाही, हे त्यांना ती गेल्यावर कळलं. तोपर्यंत ते खुशाल समजत होते की मालनबाई आपल्याला ठाऊक आहेत.

काय ठाऊक होतं? फणसवाडीतल्या छापखान्याच्या पोटमाळ्यावर त्या फर्मे मोडायला यायच्या. फर्मा म्हणजे पुस्तकाची सोळा पानं एका मोठ्या तावावर छापलेली. ताव नीट घडीत मोडला की पानं ओळीनं लागतात. न मोडलेल्या तावावर मात्र तिसऱ्या पानाशेजारी चौदावं, अर्धी पानं सुलटी आणि अर्धी डोक्यावर उभी. मालनबाई भोईवाड्याहून बसनं यायच्या, पदर खोचायच्या, घडी दाबायची पट्टी हातात घ्यायच्या आणि संध्याकाळी "घरी पोरं खोळंबली असतील" म्हणून उठायच्या. बोलणं फारसं नव्हतंच. जे होतं ते पंख्याबद्दल. पंखा जोरात लावला की ताव उडायचे, बंद केला की तुळशीदासांना घाम फुटायचा आणि तो घाम ते तपासत असलेल्या मुद्रितावर, म्हणजे छपाईच्या कच्च्या प्रतीवर, पडायचा. त्यामुळे रोज एकदा तरी तुळशीदास विचारायचे, "मालनबाई, पंखा कमी करू?" आणि त्या म्हणायच्या, "करा थोडो." त्यांचं बोलणं एरवी मुंबईचं, पण घाईत, रागात आणि पंख्याच्या बाबतीत मालवणी.

आणखी एक गोष्ट तुळशीदासांना पक्की ठाऊक होती. मालनबाईंना वाचता येत नाही. पानांचे आकडे तेवढे कळतात. हे त्यांना कुणी सांगितलं होतं, ते त्यांना आठवत नाही. बहुधा कुणीच नाही.

छापखाना मुलांची पुस्तकं काढायचा. त्यातही खप होता तो सुनेत्राबाईंच्या रहस्यकथांना. भुयारं, चोरवाटा, खोटी दाढी, बोटीवरची मारामारी, आणि दर वीस पानांनी असा धक्का की वाचणारं पोर जेवायला उठत नसे. तुळशीदास मुद्रितं तपासताना चुका शोधायचे विसरून जायचे आणि मग लाजून पान पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. बहात्तर वर्षांच्या माणसाला चोर कोण याची हुरहुर लागावी हे त्यांना बरं दिसत नसे. म्हणून ते कुणाला सांगतही नसत.

गेल्या वर्षी सुनेत्राबाईंची नवी कादंबरी आली, 'विझलेल्या दीपगृहाचं रहस्य'. कोकणातलं एक बंद पडलेलं दीपगृह. त्याचा रखवालदार वादळात बुडून मेलेला. गावानं त्याच्या नावाचा कट्टा बांधलेला. आणि देवळातली मूर्ती चोरीला गेल्यापासून रोज रात्री त्या मेलेल्या दीपगृहात दिवा पेटतो. चार मुलं शोधाला लागतात. संशयित तिघं : पोस्टमास्तर, होडीचा तांडेल आणि गावात नवा आलेला घड्याळजी.

छापखान्याचे तरुण मालक हितेंद्र यांच्या डोक्यात तेव्हा एक कल्पना आली. हितेंद्र माणूस उत्साही. कल्पना आली की ते आधी पोटमाळ्याचा जिना चढायचे.

"काका, हे पुस्तक आपण शेवटाशिवाय विकायचं."

तुळशीदासांना वाटलं आपल्या कानात काही बिघाड झाला. "शेवटाशिवाय?"

"नऊ फर्मे बांधायचे. दहावा नाही. सोबत एक कार्ड. चोर कोण ते पोरांनी ओळखायचं, कारण लिहून पाठवायचं. मग दादरला हॉल घेऊ, सुनेत्राबाई येतील, आणि शेवटचा फर्मा तिथे मुलांच्या हातात! ज्याचं उत्तर बरोबर आणि कारण सगळ्यात भारी, त्याचं नाव पुढच्या कादंबरीतल्या हिरोला. कशी आहे आयडिया?"

"चांगली आहे," तुळशीदास म्हणाले. त्यांना ती फारच चांगली वाटली होती, पण जास्त बोलायची सवय नव्हती.

"पण शेवट बाहेर फुटता कामा नये. सुनेत्राबाईंना ठाऊक, मला ठाऊक, तुम्ही मुद्रितं बघणार म्हणून तुम्हाला. मशीनवर दौलत आहे, तो काय वाचत बसत नाही. आणि दहाव्या फर्म्याच्या घड्या आमच्या घरी घालून घेतो. बायको आहे, आई आहे." मग त्यांना एकदम समोर बसलेल्या मालनबाई दिसल्या. "मालनताई, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हां. उगाच नियम तो नियम."

मालनबाईंची पट्टी तावावरून सर्रकन गेली. "बरां," त्या म्हणाल्या.

तुळशीदासांना त्या 'बरां'चं वाईट वाटलं. दहाव्या फर्म्याचं मुद्रित त्यांनी त्याच टेबलावर वाचलं. धक्का इतका होता की त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. तिघांपैकी कुणीच चोर नव्हतं! रखवालदार मेलेलाच नव्हता. दीपगृहाच्या कोरड्या पाण्याच्या टाकीत तो लपून राहत होता, आणि मुलांना ते कळतं टाकीच्या तळाशी पडलेल्या पिवळ्या छत्रीवरून. एका ठिकाणी ती छत्री चुकून निळी झाली होती. तुळशीदास सवयीनं पुटपुटले, "पिवळी की निळी?" आणि पिवळी केली.

छापलेले चांगले ताव कुलपात गेले. पुस्तक दुकानात आलं. कार्डं येऊ लागली. पोरांची डोकी ती! कुणी पोस्टमास्तरांना पकडलं, कुणी घड्याळजीला, एका मुलीनं तर चक्क देवळाच्या पुजाऱ्याला, 'कारण तो फार गोड बोलतो.' हितेंद्र कार्डं वाचून दाखवायचे आणि दोघं हसायचे. रखवालदाराचं नाव कुणाच्याच कार्डात नव्हतं.

आणि एका सकाळी हितेंद्र जिना चढून आले ते हसत नव्हते. त्यांनी टेबलावर एक पाकीट ठेवलं. आत छापील कार्ड एकच होतं. बाकी वहीच्या पानांवर तसंच आखून उतरवलेलं. दहा-बारा मुलांची नावं. सगळ्यांचं उत्तर एकच.

'रखवालदार मेलेला नाही. तो टाकीत राहतो. पुरावा : पिवळी छत्री.'

पहिल्या नऊ फर्म्यांत छत्री कुठेच नव्हती. टाकीसुद्धा नव्हती.

"पत्ता बघा," हितेंद्र म्हणाले.

पत्ता भोईवाड्याचा होता.

"भोईवाड्यात आपलं कोण राहतं काका?"

"मालनबाई."

"त्यांना वाचता येत नाही. शेवटचा फर्मा त्यांच्या हातातसुद्धा गेला नाही. मग त्यांना सांगितलं कुणी?"

पंखा फिरत होता. मालनबाईंची खुर्ची रिकामी होती. त्या आठवड्यात मोडायला काम नव्हतं. या प्रश्नाचं एकच उत्तर आहे आणि ते आपण आहोत, हे तुळशीदासांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

"मी... नाही हो."

"मलाही तसं म्हणायचं नाही. बाबांच्या वेळेपासून तुम्ही इथे आहात." हितेंद्र खरोखर अवघडले होते. "पण सुनेत्राबाईंना काय सांगू? पेपरात छापून आलंय, रविवारी दादरला शेकडो पोरं येणार. कुणीतरी आतल्यानं फोडलंय. कोण ते मला कळायला हवं. नाही कळलं, तर ज्यांना ठाऊक होतं आणि ज्यांच्या वाडीत पोचलं, दोघांनाही मला थांबवावं लागेल. तुम्हीच सांगा, दुसरं काय करू?"

तुळशीदास घरी गेले आणि त्यांना जेवण गेलं नाही. नोकरीचं एक वेळ सोडा, पण फोडला म्हणजे काय! आणि तेवढ्यात त्यांना ते पुटपुटणं आठवलं. पिवळी की निळी. आपण वाचताना ओठ हलवतो, हे त्यांची बायको हयात असताना रोज सांगायची. किती पुटपुटलो असू? सगळं? मालनबाई समोरच तर होत्या. म्हणजे फोडणारे आपणच, आणि बिचाऱ्या बाईची पोटाची सोय जाणार ती आपल्या तोंडापायी. रात्रभर कूस बदलत राहिले, दुसऱ्या दिवशी दुपारी बस धरून भोईवाड्याला गेले. तिच्याकडून एकदा ऐकायचं, मग हितेंद्रना सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून.

इतक्या वर्षांत मालनबाईंचं घर त्यांनी पाहिलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एक कोळीण पाटी मांडून बसली होती. तिला विचारलं.

"मालन? फर्मेवाली मालन?" कोळीण त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली. "तुम्ही कोन?"

"मी... तिच्या कामावरचा."

"मग मासली न घेता जाल? पाहुना म्हनून जाताय आनि हात हालवत? मीराबाईला असला गिऱ्हाईक नको. नुसता पत्ता विचारायचा तर पोलीस चौकी तिकडं आहे."

तुळशीदासांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी बोंबील घेतले. मीराबाईंनी शेजारच्या गठ्ठ्यातून कागद ओढला, बोंबील गुंडाळले आणि त्यांच्या कापडी पिशवीत कोंबले. "दुसरा माला. आवाजाच्या मागं जावा."

आवाज होताच. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दहा-बारा पोरं दाटीवाटीनं बसली होती आणि मध्ये मालनबाई मांडी घालून. पण या मालनबाई तुळशीदासांच्या ओळखीच्या नव्हत्या. हात हवेत, डोळे मोठे, आणि आवाज!

"...आणि गुहेच्या तोंडाशी काय? माणूस? नाय. भूत? नाय. गाढव! आणि गाढवाच्या पाठीवर घड्याळजीची पेटी!"

पोरं किंचाळली. तुळशीदास जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. तो पाचवा फर्मा होता. शब्दाला शब्द नव्हे, पण पाचवाच.

"आजी, हे तर टाकीच्या आधीचं ना?" दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली.

"गप गो आकांक्षा. फर्मो जसो हाती येता तसो मी सांगतंय. पुढचा मागचा तुम्ही लावा." आणि मग त्यांना तुळशीदास दिसले. हात तसाच हवेत राहिला. "अगो बाय! भाऊ, तुम्ही?"

पोरं पांगली नाहीत. मालनबाईंनी आत नेऊन खुर्ची दिली, पाणी दिलं. खोली एका माणसाची होती. एक ताट, एक पेला, एका बाजूला गुंडाळलेली एकच वळकटी. तुळशीदासांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांना विचारल्यावाचून राहवलं नाही.

"तुमची मुलं...?"

"ही काय बाहेर. दिसली नाहीत?"

"नाही, तुमची... घरची."

"घरची खंयची?" त्या हसल्या. "आमचे हे गेले तेव्हा मी तीस वर्षांची. पोर नाय बाळ नाय. ही चाळीतली. आईबाप कामावर, संध्याकाळी माझ्याकडे. तुम्हाला काय वाटलं, ही सगळी माझी?"

होय, तसंच वाटलं होतं. लग्नकार्याच्या पत्रिका आल्या की ते मनात म्हणायचे, मालनबाईंच्या मुलांचं अजून कसं नाही जमलं. आता हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यांनी कसंबसं पाकिटाचं सांगितलं. पिवळी छत्री म्हणताच मालनबाईंचा चेहरा उतरला.

"माझी चूक आहे," तुळशीदास म्हणाले. "मी वाचताना पुटपुटतो. तुमच्या कानावर गेलं असणार, तुम्ही गोष्ट सांगताना सहज..."

"तुम्ही पुटपुटता ते देवालासुद्धा कळत नाय, भाऊ. ओठ हलतात, आवाज येत नाय." त्या दारात जाऊन ओरडल्या. "आकांक्षा! हय ये. शेटना तुम्ही काय लिहून पाठवलास?"

आकांक्षा आली. तिची मान ताठ होती. "बरोबर उत्तर पाठवलं. आम्ही डोकं चालवलं."

"डोक्यात पिवळी छत्री खंयसून इली?"

मालनबाई तुळशीदासांकडे वळल्या. "चार दिवसांमागं ह्या पोरांनी मला येऊन शेवट सांगितला. मी अशी उडालंय! मला वाटलं झोपेत बरळलंय की काय. रात्रभर तोच विचार. शेवट मी कुणाला सांगितला नाय. पोरं पायाला लोंबकळली, तरी म्हटलं, माका म्हायती नाय."

तुळशीदासांना हे वाक्य समजायला वेळ लागला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होता?"

"होता."

"कसा? फर्मा तुमच्याकडे आला नव्हता. आणि तुम्हाला तर वाचता..."

मालनबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना पुढचा शब्द गिळावा लागला.

"चौथी शिकलंय मी. मग विसरलंय. फर्मे मोडता मोडता परत आलं. अर्धी पानं उलटी असतात, ती फिरवायला वेळ कुठला, म्हणून उलटीच वाचायची सवय झाली. आता सुलट आणि उलट मला सारखंच." त्या थांबल्या. "तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला वाचता, मी ह्या बाजूला बसतंय. तुम्हाला सुलट ते मला उलट. इतकी वर्षं तुमच्याबरोबरच वाचतंय, भाऊ. तुम्ही पान लवकर उलटता हां कधी कधी. राग येतो."

तुळशीदासांना वाटलं, खुर्ची कुणीतरी खालून काढून घेतली. किती पुस्तकं! एकट्यानं हसलो, एकट्यानं घाबरलो असं ज्या ज्या वेळी वाटलं होतं, त्या प्रत्येक वेळी समोर हे दुसरं माणूस त्याच ओळीवर होतं. पट्टी कधी कधी मध्येच थांबायची. त्यांना वाटायचं, बाई दमली.

"मग बोलला नाहीत कधी?"

"तुम्ही विचारलात कधी? तुम्ही पंख्याचं विचारायचात." मग त्या कामाला लागल्यासारख्या उठल्या. "ते बोंबील द्या इकडे, वास सुटला. पाण्यात ठेवते."

त्यांनी पिशवीतून पुडकं काढलं, मोरीच्या कडेवर ठेवून सोडलं आणि एकदम हाक मारली. "भाऊ!"

बोंबलांखालचा कागद भिजून आरपार झाला होता. तरी अक्षरं दिसत होती. डोक्यावर उभं एक पान. तुळशीदासांना मान वाकडी करावी लागली, मालनबाईंना नाही. त्यांनीच वाचलं. "'...टाकीच्या तळाशी काहीतरी पिवळं पडलं होतं...'"

तो दहावा फर्मा होता.

मग मालनबाई मटकन पाटावर बसल्या. "देवा रे. मीच."

मशीनवर पुस्तक चढवताना पहिले काही ताव खराब निघतात. शाई कमी, शाई जास्त, पानं तिरकी. ते वाया ताव दौलत गठ्ठा बांधून जिन्याखाली ठेवायचा आणि मालनबाई तो गठ्ठा वर्षानुवर्षं मीराबाईंना आणून द्यायच्या. प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्यापासून तर मीराबाई त्या कागदाची वाटच बघायच्या. या खेपेला हितेंद्रनी चांगले ताव कुलपात घातले. वाया तावांचं कुणाच्याच मनात आलं नाही. ते नेहमीप्रमाणे जिन्याखाली गेले, जिन्याखालून भोईवाड्यात, आणि भोईवाड्यात घरोघर, बोंबील-मांदेलीच्या भोवती.

"आकांक्षा," तुळशीदासांनी विचारलं. "तुम्ही जोडलात?"

मुलीचा ताठा ढळला. "आधी आमच्या घरी आला. अर्धाच. दीपगृह लिहिलेलं होतं म्हणून ओळखला. मग सगळ्यांना सांगितलं, आईला सांगा आज मीराबाईकडूनच मासे घे. प्रत्येकानं आपापल्या कागदाचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. काही पानं उलटी, काही फाटलेली. आजीनं शिकवलंय ना उलटं वाचायला. तीन दिवस लागले." आणि मग, हळूच, "एक पान अजून मिळालेलं नाही. शेजारच्या काकूंनी चुलीत घातलं."

एरवी तुळशीदास अशा वेळी हसले असते. त्यांना हसू येईना. सुनेत्राबाईंच्या कुठल्याही कादंबरीत त्यांनी असा शोध वाचला नव्हता.

"भाऊ, उद्या मी येतंय शेटकडे," मालनबाई म्हणाल्या.

"नको. दौलतही अडकेल. मी सांगतो, माझ्या पुटपुटण्यानं..."

"आणि चोर म्हणून घरी बसाल? तुम्ही?" त्या कडाडल्या. "गप बसा. तुमका काय येता? मुद्रित वाचूक येता. खोटा बोलूक येत नाय."

दुसऱ्या दिवशी त्या फणसवाडीत आल्या आणि धुऊन वाळवलेला, तरीही घमघमणारा तो ताव त्यांनी तुळशीदासांच्या देखत हितेंद्रच्या काचेच्या टेबलावर पसरला.

"ह्यो घ्या तुमचो चोर, शेट."

हितेंद्र नाकाला रुमाल लावून ऐकत होते. गठ्ठ्यापर्यंत आलं तेव्हा रुमाल खाली आला. वाया तावांची आठवण आपल्यालाही झाली नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण मालकाला लगेच नमतं घेणं जड जातं.

"पण तुम्ही बघितलं का नाहीत, गठ्ठ्यात काय आहे ते?"

"बांधलेला गठ्ठा मी सोडत नाय. सोडला असता तर तो फर्मा दिला नसता. शेवट मला माहीत होता."

"तुम्हाला वाचता कुठे येतं मालनताई?"

हितेंद्रच्या समोर पुढच्या पुस्तकाचं पहिलं मुद्रित पडलं होतं, त्यांच्याकडे तोंड करून. मालनबाईंनी टेबलाच्या या बाजूनं, हात मागे बांधून, शाळेतल्या मुलीसारखं वाचायला सुरुवात केली. "'ज्या रात्री सर्कशीतला हत्ती नाहीसा झाला, त्या रात्री गावात कुणालाच झोप लागली नव्हती. फक्त एक माणूस घोरत होता, आणि तो...'" त्या थांबल्या. "पुढचं पान तुमच्या हाताखाली आहे."

हितेंद्रनी हात उचलला. उचलला आणि तसाच धरून ठेवला. तुळशीदासांना आदल्या दिवशी जे झालं होतं, ते आता मालकांना होत होतं. बघताना बरं वाटलं, हे खोटं कशाला म्हणा.

"म्हणजे प्रत्येक पुस्तक? आतापर्यंतचं?"

"प्रत्येक."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"गोष्ट सांगितली. शेवट कधीच नाय. शेवट सांगितला तर पोर पुस्तक हातात कशाला घेईल?"

हितेंद्रनी तो बोंबलाचा ताव हळूच घडी केला, चुकीचा केला, आणि मालनबाईंनी त्यांच्या हातातून घेऊन बरोबर करून दिला.

दौलतला कुणी काही बोललं नाही. तुळशीदासांची खुर्ची राहिली. मुलांची उत्तरं मात्र हितेंद्रनी स्पर्धेतून काढली. ओळखणं वेगळं आणि वाचणं वेगळं, असं ते म्हणाले, आणि त्यात काही चूक होतं असं तुळशीदासांना वाटत नाही. भोईवाड्याच्या पोरांना ते मुळीच पटलं नाही. दादरच्या समारंभात ती मागच्या रांगेत बसून "चीटिंग, चीटिंग" ओरडली. सुनेत्राबाईंनी ऐकलं आणि विचारलं, काय झालं. आकांक्षानं उभं राहून सगळं सांगितलं, बोंबलासकट. हॉल असा हसला की पुढचं भाषण कुणाला ऐकू आलं नाही. शेवटचा फर्मा वाटला तेव्हा आकांक्षानं घाईघाईनं एक पान शोधलं. चुलीत गेलेलं. मालनबाई समारंभाला आल्या नव्हत्या. हॉलात बोलावलं की त्यांना संकोच वाटायचा. हे एक तरी तुळशीदासांना कळू शकत होतं.

त्यानंतर सर्कशीच्या पुस्तकाचं काम निघालं. शेवटचा फर्मा छापून झाला तेव्हा हितेंद्र स्वतः जिना चढून आले आणि सगळे ताव मालनबाईंसमोर ठेवून गेले.

मालनबाई गेल्या त्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, चहा गाळता गाळता. बातमी मीराबाईंनी फोन करून कळवली. तुळशीदासांना ती समजायला पुन्हा सांगावी लागली. अजून सगळी समजली आहे, असं नाही. आपण विचारायचं ठरवलेलं बरंच राहून गेलं : कुठलं पुस्तक सगळ्यात आवडलं, पान लवकर उलटलं म्हणून राग नेमका कुठे आला. विचारायला आता वेळच वेळ आहे, असं त्यांना वाटलं होतं. त्यातला थोडा वेळ आदल्या संध्याकाळीही होता.

त्या संध्याकाळी पोटमाळ्यावर दोघंच होती. तुळशीदास एका जाहिरातीच्या पुस्तिकेचं मुद्रित बघत होते आणि नेहमीपेक्षा सावकाश पान उलटत होते. समोर मालनबाई शेवटचा फर्मा मोडत होत्या. पट्टी सर्रकन जायची, थांबायची, पुन्हा जायची. उकडत होतं. तावांची टोकं फडफडू लागली, तेव्हा तुळशीदास सवयीनं बटणाकडे वळले.

"मालनबाई, पंखा कमी करू?"

"नको. आज तावांवर वजन ठेवलंय. तुम्ही बसा."

"बरं," तुळशीदास म्हणाले, आणि बसले.